नोटीस लागली, पुढे काय?

मे महिना अर्धा सरला की आमच्या भागात दोन गोष्टी हमखास दिसतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि जुन्या इमारतींच्या जिन्यात डकवलेले पालिकेचे कागद. कुरडया आपण वेळेत उचलून डब्यात भरतो. कागद मात्र भिंतीवरच राहतो, पावसात भिजतो, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच्यावर नवा कागद लागतो. आजचं बोलणं त्या कागदाबद्दल आहे.

आम्ही म्हणजे मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या जुन्या, भाडेकरूंच्या इमारतींत राहणाऱ्या दहा-बारा जणी. कुणी पोळीभाजीचे डबे करते, कुणी फॉल-पिको, एक बालवाडीत शिकवते, एक निवृत्त नर्स आहे. जमत होतो बचतगटासाठी. नोटिसा वाचायला लागलो त्याचं कारण साधं आहे. नोटीस लावणारा माणूस सकाळी अकरा-बाराला येतो, तेव्हा पुरुषमंडळी कामावर असतात. दार बाईच उघडते, सही तिच्याकडूनच मागतात, आणि संध्याकाळी घरात पहिला प्रश्न तिलाच येतो, ‘काय लिहिलंय त्यात?’

तर आधी हेच, की काय लिहिलेलं असतं. मुंबईत ही नोटीस १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली येते. ठाणे, कल्याण, पुणे, नाशिक अशा बाकीच्या महापालिकांत १९४९ चा कायदा लागतो, तिथलं कलम २६४. नगरपरिषदेच्या गावांना १९६५ चा वेगळा कायदा आहे. कलमाचा आकडा वेगळा, पण मतलब एकच: ही इमारत पडायला आलेली दिसते, मालकाने आणि राहणाऱ्यांनी ती दुरुस्त करावी, रिकामी करावी किंवा पाडावी. ३० वर्षांपेक्षा जुनी इमारत असेल तर तिची मजबुती इंजिनिअरकडून तपासून घ्यायची, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं, हेही दोन्ही महापालिका कायद्यांत आहे.

हा निर्णय घेतं कोण, याबद्दल मोठा गैरसमज दिसतो. बायका म्हणतात, नगरसेवकाकडे जाऊ, तो सभागृहात बोलेल, मग नोटीस रद्द होईल. तसं नसतं. धोकादायक इमारतीचा अधिकार कायद्याने आयुक्तांचा आहे आणि त्यांच्या वतीने तो वॉर्ड ऑफिसातले अधिकारी वापरतात. नगरसेवकाने पाठपुरावा करावा, जरूर करावा. पण मुंबईत तर मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. इमारती काही त्यासाठी थांबल्या नाहीत. तेव्हा आपलं काम वॉर्ड ऑफिसातल्या इमारत विभागाशी आणि तिथल्या इंजिनिअरशी.

नोटिशीत एक वर्ग लिहिलेला असतो. तो आधी शोधा, बाकी मजकूर नंतर. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. एका अक्षराचा फरक दिसतो, पण त्या अक्षरावर कुणाचं घर राहतं आणि कुणाचं जातं. म्हणूनच सगळी ओढाताण या अक्षराभोवती असते.

ती कशी, ते सांगतो. पागडीच्या इमारतीत मालकाला महिन्याला येणारं भाडं इतकं कमी असतं, की त्यात जिन्यातला दिवाही धड लागत नाही. इमारत पडली तर जमीन मोकळी. म्हणून काही मालक स्वतःच्या इंजिनिअरकडून सी-१ लिहून आणतात. भाडेकरूंना हे माहीत असतं. ते वर्गणी काढून दुसरा इंजिनिअर आणतात आणि सी-२ ब लिहून घेतात. आता पालिकेच्या टेबलावर एकाच इमारतीचे दोन अहवाल. एक म्हणतो उद्या पडेल, दुसरा म्हणतो वीस वर्षं काही होत नाही. अशा वेळी पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती असते, तिला टॅक म्हणतात. दोन अहवाल परस्परविरोधी असले तर प्रकरण तिच्याकडे जातं आणि ती ठरवते.

इथे आमचं म्हणणं नीट ऐका, कारण हे ऐकायला कुणाला आवडत नाही. मालकाचा अहवाल खोटा असू शकतो, तसा आपण पैसे देऊन आणलेला अहवालही खोटा असू शकतो. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत २७ जून २०२२ च्या रात्री पडली. १९ माणसं गेली. ती इमारत पालिकेने आधी रिकामी करून पाडण्याच्या वर्गात टाकली होती. नंतर खासगी ऑडिट झालं आणि ती दुरुस्तीच्या वर्गात आली. माणसं राहत राहिली. गेलेल्यांत कितीतरी जण बाहेरगावाहून कामाला आलेले, खोली भाड्याने घेऊन राहणारे मजूर होते. त्या खोलीच्या वर्गाचं अक्षर कधी बदललं हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

म्हणून अहवाल कुणाचाही असो, तो बघायचा कसा हे शिकून घ्या. इंजिनिअर आला, खांबावर हातोडी मारून कान लावला, मोबाइलवर चार फोटो काढले आणि गेला, याला ऑडिट म्हणत नाहीत. स्प्रिंगच्या हातोड्याने काँक्रीटचा कडकपणा मोजतात, त्याला रिबाउंड हॅमर म्हणतात. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून आत पोकळी आहे का बघतात. सळई कितपत गंजत आहे त्याची वेगळी चाचणी असते. आणि खांबातून काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात, तो कोअर. या सगळ्यांचे आकडे अहवालात तक्त्यात यायला हवेत: कोणता खांब, कोणता मजला, आकडा किती. तुमच्या घरातल्या खांबाची चाचणी झाली का, हे तुम्हाला ठाऊक असणारच, तुम्ही घरात होतात. न झालेल्या चाचणीचा आकडा अहवालात असेल तर तो अहवाल वॉर्ड ऑफिसात दाखवा आणि लेखी हरकत द्या. अहवाल कुणी दाखवत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येतो.

सळई गंजली की फुगते. पुरी फुगते तशी नाही, पण लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, हे खरं. मग ती बाहेरच्या काँक्रीटला ढकलते आणि छताचे पोपडे पडतात. आपण काय करतो? पांढरं सिमेंट लावतो, रंग देतो, दिवाळी साजरी करतो. आत गंज चालूच. मोरीची आणि संडासाची गळती हे त्याचं मूळ असतं बहुतेक वेळा. वरच्या मजल्यावरची आणि खालच्या मजल्यावरची बाई ज्या गळतीवरून दहा वर्षं भांडत असतात ना, ती गळती दोघींच्या खांबात शिरलेली असते.

आता मुख्य प्रश्न. इमारत खरंच सी-१ आहे, टॅकनेही तेच सांगितलं. तरी माणसं का निघत नाहीत?

वर्तमानपत्रात येतं, ‘रहिवाशांचा घरे सोडण्यास नकार’. वाचून वाटतं, किती अडाणी आणि हट्टी लोक. आम्ही त्या रहिवाशांतल्याच आहोत, म्हणून सांगतो. नकार मृत्यूचं भय नसल्यामुळे नसतो. एकदा बाहेर पडलो की परत आत येणार नाही, हे भय त्याहून जवळचं असतं. छत आज पडेल की नाही हे नक्की नसतं. पण डिपॉझिटला पैसे नाहीत, हे नक्की असतं. मुलीची दहावी या शाळेत आहे, डब्यांची गिऱ्हाइकं याच गल्लीत आहेत, हेही नक्की असतं. शिवणाचं मशीन जिथे, तिथेच पोट.

त्यात मुंबईत एक फरक आहे. शहर भागात ज्या जुन्या इमारतींचे भाडेकरू उपकर भरतात, त्यांच्यासाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे आणि त्यांना संक्रमण शिबिरात जागा देण्याची सोय आहे. शीवच्या प्रतीक्षा नगरसारख्या ठिकाणी ही शिबिरं आहेत. उपनगरातल्या खासगी इमारतीला ती सोय नाही. नोटीस तीच, भाषा तीच, पण पुढे ‘तुमची सोय तुम्ही करा’.

आणि शिबिर असलं म्हणजे सगळे जातात असंही नाही. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी पडली, ३३ माणसं गेली. म्हाडाने ती बऱ्याच आधी धोकादायक ठरवली होती. पुनर्विकासाच्या योजनेतही ती होती. काही कुटुंबं तिथून आधीच हलली होती, काही मागे राहिली. शिबिरात गेलेली माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिथेच राहिली, मुलांची लग्नं तिथे झाली, हे सगळ्या मुंबईने पाहिलेलं आहे. ते पाहिलेला माणूस सहज उठून ट्रकमध्ये सामान भरत नाही. हा अडाणीपणा नाही, अनुभव आहे. तरीही इमारत पडते तेव्हा अनुभव विचारात घेत नाही.

म्हणजे करायचं काय? आमच्या गल्लीतल्या एका इमारतीचं सांगतो. तळमजला आणि वर तीन, बावीस बिऱ्हाडं. मालकाचा अहवाल सी-१, भाडेकरूंचा सी-२ ब, टॅकने सी-१ कायम केला. बैठक झाली ती जिन्यातच. पुरुषांचं म्हणणं कोर्टात जाऊ, स्थगिती आणू. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मावशींनी विचारलं, स्थगिती कागदाला मिळेल, छताला मिळेल का? मग बोलणं वेगळ्या दिशेला गेलं. निघायचं तर आहेच, पण निघण्याआधी आपल्या हातात काय असायला हवं?

यावर कायद्याचं उत्तर आहे आणि ते फार कमी बायकांना ठाऊक असतं. धोकादायक म्हणून इमारत रिकामी केली किंवा पाडली, तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. नव्या इमारतीत परत येण्याचा हक्कही संपत नाही. कायद्यात तसं लिहिलेलं आहे. आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा इमारतींच्या बाबतीत पालिकेने कशी पावलं टाकायची ते ठरवून दिलं. त्यात हे आहे की, पाडण्याआधी पालिकेने प्रत्येक भाडेकरूच्या जागेचं चटईक्षेत्र मोजायचं आणि यादी करायची. त्याच आदेशात दुसरी बाजूही आहे. नोटिशीनंतरही कुणी निघालं नाही तर पालिका पाणी-वीज तोडू शकते आणि पोलिसांच्या मदतीने बाहेर काढू शकते.

ती यादी हेच तुमचं घर समजा. इमारत पाडल्यावर विटा राहत नाहीत, भिंत कुठे होती ते राहत नाही. पाच वर्षांनी ‘तुमची खोली १८० फुटांची होती’ असं मालक म्हणाला आणि तुम्ही २४० म्हणालात, तर खरं काय ते फक्त त्या यादीत असतं.

त्या बावीस बिऱ्हाडांची मोजणी दोन दिवसांत झाली. पालिकेचे इंजिनिअर टेप घेऊन आले, भला माणूस, प्रत्येक घरी चप्पल काढून आत येत होता. बायकांनी ठरवलं होतं की मोजणीच्या वेळी घरातली एक तरी बाई हजर राहील आणि आकडा स्वतःच्या वहीत लिहील. पोटमाळा, बाहेरची मोरी, गॅलरी बंद करून केलेलं स्वयंपाकघर, यातलं काय धरलं आणि काय नाही ते तिथल्या तिथे विचारलं. सगळं धरलं जात नाही. पण का नाही, ते समजलं की नंतर भांडण कमी होतं.

खरी अडचण आली नावांच्या वेळी. यादीत नाव लागतं ते भाडेपावतीवरचं. आणि पावती कुणाच्या नावाची? बावीसपैकी नऊ पावत्या वारलेल्या माणसांच्या नावाच्या. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली, पावती अजून त्यांचीच. एका घरात नवरा दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेला, पावती त्याच्या नावाची. भाडं दर महिन्याला ती भरते, मुलं तिने वाढवली, पण कागदावर ती नाहीच. तो उद्या येऊन सही करून गेला असता तरी तिला विचारणारं कुणी नव्हतं. तिने वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज दिला: प्रत्यक्ष ताबा माझा, हे माझं वीजबिल, हे रेशनकार्ड, ही मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरची पत्त्याची नोंद. यादीत तिच्या खोलीपुढे तिचं नाव ‘प्रत्यक्ष ताब्यात’ असं लागलं. मालकी कुणाची, वारस कोण, हा वाद पुढे कोर्टात होईल तो होईल. पण ती तिथे राहत होती, हे सरकारी कागदावर आलं.

ही कामं नोटिशीची वाट बघून करायची नसतात. पावती सासऱ्यांच्या नावाची असेल तर ती बदलून घेण्याचा अर्ज आजच मालकाला स्पीड पोस्टाने पाठवा. तो घेणार नाही, पाकीट परत येईल. परत आलेलं पाकीट न फोडता जपून ठेवा, तोही पुरावाच.

पोटभाडेकरूंचं काय, असं आम्हाला नेहमी विचारतात. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी आमच्याकडे चांगलं उत्तर नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाला नव्या इमारतीत जागा मिळत नाही. म्हणूनच त्याला नोटिशीबद्दल सर्वात आधी सांगायला हवं, कारण त्याला थांबून मिळवण्यासारखं काहीच नाही. घडतं नेमकं उलटं. नोटीस लागली की जुनी बिऱ्हाडं नातेवाइकांकडे जातात आणि खोली कमी भाड्याने कुणा परप्रांतीय मजुराला किंवा गरजू कुटुंबाला देतात. आपण ज्या छताखाली झोपायला घाबरतो, त्याचं भाडं घ्यायचं? हे आमच्या गल्लीतही झालेलं आहे आणि त्यावरून आमच्यात भांडणंही झाली. आम्ही त्याला गुन्हाच म्हणतो.

आणखी एक कागद फिरतो, त्याच्यापासून सावध राहा. हमीपत्र. ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर राहत आहोत, काही दुर्घटना झाल्यास पालिका जबाबदार नाही.’ बायका पटापट सह्या करतात, कारण त्यामुळे एक पावसाळा निघतो. त्या कागदाने छताला टेकू लागत नाही. त्याने एवढंच होतं, की उद्या काही झालं तर सगळे आपल्या सहीकडे बोट दाखवतात. आणि सही केलेली बाई आपल्या लेकरांच्या वतीने, म्हाताऱ्या सासूच्या वतीने सही करत असते, त्यांना न विचारता.

पालिकेवर सगळं सोपवून निश्चिंत राहावं असंही नाही. डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत २७ सप्टेंबर २०१३ ला पहाटे पडली. ६१ माणसं गेली. ती इमारत कुणा पागडीवाल्या मालकाची नव्हती, पालिकेचीच होती. राहणारी पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबं. चाळिशीही न गाठलेली सिमेंटची इमारत. मालकही पालिका, नोटीस देणारी पालिका, तपासणारी पालिका. तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरफारांचा विषय नंतर चौकशीत आला. घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला इमारत पडून १७ माणसं गेली, तिथेही तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं. तळमजल्याच्या दुकानात रात्री ठोकाठोक ऐकू आली तर ‘आपल्याला काय’ म्हणू नका. खाली जाऊन बघा खांबाला हात लावलाय का, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तक्रार करा. मुंबईत पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६, तिथे तक्रार क्रमांक मागून घ्या.

ती बावीस बिऱ्हाडं जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघाली. यादीची शिक्का मारलेली प्रत प्रत्येक घराने घेतली, काहींनी लॅमिनेट केली. इमारत दिवाळीनंतर पाडली. प्लॉटला निळे पत्रे लागलेत, आत रानटी एरंड वाढलाय, मालक आणि बिल्डर यांचं अजून जुळत नाही. तीन कुटुंबं गावाला गेली. डबे करणाऱ्या दोघींची निम्मी गिऱ्हाइकं तुटली, एकीने आता लांबून रिक्षाने डबे पोचवायला सुरुवात केली आहे आणि त्यात तिला फारसं उरत नाही. भाडेकरूंची संस्था नोंदवण्याचं काम चालू आहे, तिच्या अकरा जणांच्या समितीत सहा बाया आहेत.

पावसाळ्याआधीची अतिधोकादायक इमारतींची यादी पालिका आणि म्हाडा दोघंही जाहीर करतात. आपली इमारत त्यात आहे का, ते वॉर्ड ऑफिसात जाऊन बघा. रात्री दार अचानक चौकटीत घट्ट बसायला लागलं, भिंतीतली चीर बोटभर रुंद झाली, वरून माती गळायला लागली, तर यादीत नाव असो वा नसो, कागदपत्रांची पिशवी आणि मुलं घेऊन आधी खाली उतरा, बाकी सगळ्या दारांवर थापा मारत. ती पिशवी आज रात्रीच भरून दाराशी टांगून ठेवा: भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, नोटीस आणि तिचा तारीख दिसेल असा फोटो, औषधं, एक बॅटरी. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये ठेवा, आणि झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे द्या, स्वतःच्याच इमारतीतल्या शेजारणीकडे नको.